पणजोबांचे गाव कोणते?

मंडळी, आपल्या पणजोबांचे मूळ गाव आपल्याला ठाऊक आहे काय? आमच्या कोकणातल्या घरी एवढेच सांगत, “दुष्काळात घाटावरून आले.” हा दुष्काळ बहुधा १८७६ ते १८७८ चा. पण घाट केवढा मोठा!

आडनावावर फार विसंबू नये. एकाच नावाची गावे अनेक असतात. तहसील कचेरीत जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदी पाहाव्यात. नाशिकच्या क्षेत्रोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेकरूचे गाव, बाप, आजा, भाऊबंद लिहिलेले असतात. जुनी पाने मोडीत, तेव्हा मोडी वाचणारा सोबत न्यावा.

मात्र ज्यांची यात्रेची ऐपतच नव्हती, त्यांची नावे त्या वह्यांत कुठून येणार? आमचे पणजोबा त्यांतलेच असावेत. मला वाट दाखवली ती आत्याच्या एका वाक्याने : “आजोबा मांढरदेवीचा नवस बोलायचे हो!” त्यावरून शोध वाईच्या बाजूला वळला. गाव अजून सापडलेले नाही. दुसरा प्रश्न विचारायला गेलो, तोवर आत्या वारली होती.

म्हणून सांगतो, कचेरी उद्याही उघडेल. घरातल्या म्हाताऱ्या माणसाजवळ मात्र आजच बसा, आणि ते सांगतील ते लिहून ठेवा.