नॅनोसेकंदाची तार

वॉशिंग्टनच्या स्मिथ्सोनियन संस्थेच्या अमेरिकी इतिहास संग्रहालयात, प्लास्टिकचं आवरण असलेल्या साध्या तारांची एक जुडी जपून ठेवली आहे. तारा शंभरेक, प्रत्येकीची लांबी ११.८ इंच, म्हणजे सुमारे ३० सेंटिमीटर. वायरमनच्या पायाशी असे तुकडे पडलेले असले तर कुणी वाकूनही बघणार नाही. मार्च १९८५मध्ये ग्रेस होपर त्या संग्रहालयात व्याख्यानाला आल्या, तेव्हा श्रोत्यांना वाटायला त्यांनी हे तुकडे बरोबर आणले होते. एकेक तुकडा म्हणजे एकेक नॅनोसेकंद. एका नॅनोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या हिश्शात, विजेचा संदेश जास्तीत जास्त जितकं अंतर कापू शकतो, तितकी ती तार लांब.

होपरबाई मूळच्या गणिताच्या प्राध्यापक. दुसऱ्या महायुद्धात त्या अमेरिकी नौदलात गेल्या आणि १९४४मध्ये हार्वर्डच्या मार्क-वन या अवाढव्य गणनयंत्रावर रुजू झाल्या. ते यंत्र सेकंदाला तीन बेरजा करी. तिथे तार चार इंच लांब असली काय नि चाळीस फूट असली काय, काडीचा फरक पडत नव्हता. वेळ खायची ती खटखटणारी रिले आणि फिरणारी चाकं. पुढच्या वीस वर्षांत ती चाकं गेली, निर्वात नळ्या आल्या आणि गेल्या, ट्रान्झिस्टर आले. मंडळं नॅनोसेकंदांत चालू-बंद होऊ लागली आणि आजवर फुकट वाटणारी तार एकदम महाग झाली. यंत्राचं काम उरकलेलं असायचं, पण निकाल अजून वाटेतच असायचा.

नॅनोसेकंदांची ही भाषा कानांवर पडू लागली तेव्हा होपरबाईंनी इंजिनियरांकडे मागणी केली, की मला एक नॅनोसेकंद कापून पाठवून द्या, बघू तरी कसा दिसतो. आला तो हा तुकडा. १९६०च्या दशकाच्या अखेरीपासून त्या असे तुकडे वाटत राहिल्या. शेजारी ठेवायला त्यांनी मायक्रोसेकंदही मागवला. हजार नॅनोसेकंदांचं ते ९८४ फुटांचं भलंमोठं भेंडोळं व्यासपीठावर उचलून दाखवत त्या सांगत, की हे प्रत्येक प्रोग्रामरच्या टेबलावर टांगायला हवं, नाहीतर गळ्यात अडकवायला हवं. एक मायक्रोसेकंद वाया घालवताना आपण काय फेकून देतो, ते त्याला कळू दे. पुढे पिकोसेकंद, म्हणजे नॅनोसेकंदाचा हजारावा हिस्सा, दाखवायची वेळ आली तेव्हा त्यांनी मिरपुडीचे कण वाटले.

मला या तुकड्याचं मोल फार वाटतं. आपल्याकडे संगणकशास्त्र शिकवताना किती पायऱ्यांत उत्तर येतं हे घोटून घेतात, पण प्रत्येक पायरीला माहिती किती लांबून आणावी लागते, हे क्वचितच कुणी हातात देऊन दाखवतं.

नौदलातले वरिष्ठ अधिकारी होपरबाईंना विचारत, की उपग्रहावरून निरोप जायला इतका वेळ का लागतो? त्यांनाही त्या तारच दाखवत आणि सांगत, की इथून उपग्रहापर्यंत असे फार तुकडे आहेत. हिशेब करून बघा. भूस्थिर उपग्रह सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवर असतो. वर जाऊन खाली यायला २४ कोटी तुकडे लागतात, म्हणजे जवळजवळ पाव सेकंद. उत्तर यायला आणखी पाव सेकंद.

हा अर्धा सेकंद महाराष्ट्राने चांगला अनुभवला आहे. १९७१मध्ये पुणे जिल्ह्यातल्या आर्वीला विक्रम उपग्रह केंद्र सुरू झालं आणि परदेशातले फोन त्या वाटेने येऊ लागले. आवाज स्वच्छ, पण बोलणं अडखळत. आईने ‘जेवलास का?’ म्हणून विचारायचं, उत्तर आलं नाही म्हणून पुन्हा विचारायचं आणि नेमकं त्याच वेळी पहिल्या प्रश्नाचं उत्तर येऊन थडकायचं. मग दोघंही गप्प, आणि मग दोघंही एकदमच बोलायला लागणार. त्याआधी, १९२७पासून, खडकी आणि दौंडच्या केंद्रांतून इंग्लंडशी बिनतारी तारायंत्राचा संपर्क होता. त्या लहरी वातावरणाच्या वरच्या थरांवर आपटून परतायच्या. ती वाट उपग्रहापेक्षा कितीतरी जवळची होती. पण ती हवेच्या लहरीवर चालायची, आणि लोकांनी खात्रीची वाट निवडली ते योग्यच झालं. अर्ध्या सेकंदाची ती अडखळण खऱ्या अर्थाने सुटली ती समुद्राखालून काचेचे तंतू आले तेव्हा.

संगणकाच्या पेटीत मात्र तार आखूड करण्याची झटापट आधीच सुरू झाली होती. तिचा सगळ्यात देखणा नमुना म्हणजे सेमूर क्रे यांचा क्रे-वन. १९७६मध्ये पहिलं यंत्र लॉस अ‍ॅलामॉसच्या प्रयोगशाळेत गेलं. वरून पाहिलं तर इंग्रजी ‘सी’ अक्षरासारखा अर्धवट मिटलेला गोल, खाली भोवताली गादी लावलेला बाक. बाकाच्या पोटात वीजपुरवठ्याची सामग्री. तो गोल शोभेसाठी नव्हता. मंडळांच्या पाट्या बाहेरच्या अंगाला बसवल्या, की सगळ्या जोडण्या आतल्या पोकळीत समोरासमोर येतात आणि कुठलीच तार चार फुटांपेक्षा लांब होत नाही. यंत्राचा ठोका साडेबारा नॅनोसेकंदांचा. चार फूट म्हणजे होपरबाईंचे चार तुकडे. खऱ्या तांब्यात संदेश त्याहून हळू जातो, तरीही ठोक्याच्या आत पोचतो. तारा नुसत्या आखूड करून भागत नव्हतं. बरोबर निघालेले संदेश बरोबरच पोचावेत म्हणून त्यांची लांबी नेमकी मोजून कापावी लागे, आणि हे जाळं विस्कॉन्सिनमधल्या चिपेवा फॉल्स या गावी माणसांनी हाताने विणलेलं होतं.

दुसरा उपाय केंब्रिजच्या मॉरिस विल्क्स यांनी १९६५मध्ये अवघ्या दोन पानांच्या निबंधात मांडला. मोठी मेमरी लांब आणि संथ असणारच, तर सतत लागणाऱ्या माहितीची प्रत छोट्या, वेगवान मेमरीत प्रोसेसरला लागून ठेवावी. हळद-मोहरी मिसळणाच्या डब्यात हाताशी आणि बाकीचा साठा माळ्यावर, तसं. १९६८मध्ये आयबीएमने जाहीर केलेल्या ३६०/८५ या यंत्रात ती कल्पना बाजारात आली. तीच आजची कॅश मेमरी. तिच्यात माहिती सापडली तर एखाद्या नॅनोसेकंदात मिळते. मुख्य मेमरीपर्यंत जावं लागलं तर शंभराच्या घरात.

पुढे शेअर बाजारवाल्यांनी हा हिशेब कमालीच्या टोकाला नेला. २०१०मध्ये स्प्रेड नेटवर्क्स या कंपनीने शिकागोपासून न्यू जर्सीपर्यंत शक्य तितकी सरळ, सुमारे १,३०० किलोमीटरची फायबर लाइन टाकली, डोंगर पोखरून. जाऊन-येऊन लागणारा वेळ १३ मिलिसेकंदांवर आला. वाचले ते तीनेक मिलिसेकंद. या कारागिरीने मी थक्क होतो, पण इतरांच्या आधी सौदा गाठणं एवढ्याच कामासाठी डोंगर पोखरणं मनाला पटत नाही. न्यूयॉर्कच्या आयईएक्स या शेअर बाजाराच्या संस्थापकांनाही ते पटलं नसावं. त्यांनी २०१३मध्ये आपल्या बाजाराच्या दारात ६१ किलोमीटर फायबरचं भेंडोळं मुद्दाम बसवलं. प्रत्येक सौदा त्यातून फिरून येतो आणि सर्वांनाच सारखा, ३५० मायक्रोसेकंदांचा उशीर होतो. विलंब कमी करण्याच्या विद्येने विलंब घडवलेला पाहून मला समाधान वाटतं.

तरी काचेची स्वतःची अडचण उरतेच. काचेत प्रकाश निर्वातापेक्षा तिसऱ्या हिश्शाने मंदावतो, त्यामुळे फायबरमधला नॅनोसेकंद ३० नव्हे, जेमतेम २० सेंटिमीटरचा भरतो. म्हणून आता तंतूच्या गाभ्यातून काचच काढून टाकायची खटपट चालू आहे. अशा पोकळ तंतूत प्रकाश हवेतून जातो. साउथॅम्प्टन विद्यापीठातल्या संशोधनातून उभी राहिलेली लुमेनिसिटी ही कंपनी २०२२मध्ये मायक्रोसॉफ्टने विकत घेतली ती याचसाठी. मुंबई ते लंडन हवाई अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर. तेवढ्या वाटेला भरीव काचेतून जाऊन-येऊन ७२ मिलिसेकंद लागतात. पोकळ तंतूतून ४८.