आजोबांचे बाड आणि एक चिनी वैद्य

माझे आजोबा रत्नागिरीत वैद्यकी करत. त्यांचे रुमालात बांधलेले बाड वाळवीच्या तोंडून वाचवावे म्हणून माळ्यावरून खाली काढले. मोडी मला अडखळतच वाचता येते. वाटले होते, काढे आणि चूर्णे असतील. निघाले रोगी! कोण, कुठल्या वाडीचा, काय दिले, गुण आला की नाही.

आपल्या चरकाने रोग्याची प्रकृती, सत्त्व, सात्म्य, वय अशा दहा गोष्टी पाहायला सांगितल्या. पण अमक्या गावच्या अमक्याचे काय झाले, हे लिहिण्याची त्याची रीत नाही. चिनी वैद्यांनी मात्र ते आवर्जून लिहिले. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात छुन्-यू ई नावाचा वैद्य होऊन गेला. दरबाराने चौकशी केली तेव्हा त्याने २५ रोग्यांच्या हकिगती सांगितल्या. स-मा छ्येन या इतिहासकाराने त्या आपल्या ग्रंथात घेतल्या, म्हणून टिकल्या. दगावलेले रोगीही त्यांत आहेत. निदान कधी चुकते का, या प्रश्नाला त्याने 'चुकते कधी कधी' असेच उत्तर दिले. (आम्हा मास्तरांना विचारून पाहा!)

त्यातली एक हकिगत मला विसरता येत नाही. एका राजाचा वैद्य स्वतःच आजारी पडून खनिजांची औषधे घेत होता. छुन्-यू ई म्हणाला, ही तुम्हाला सोसणार नाहीत. त्यावर राजवैद्याने प्राचीन वैद्याचे वचन पुढे केले. छुन्-यू ईचे म्हणणे असे की, वचन खरे, पण आधी रोगी नीट तपासायला हवा. राजवैद्याने ऐकले नाही. शंभरावर दिवसांनी गळू होऊन तो गेला.

पुढे च्यांग क्वान याने नामांकित वैद्यांच्या अशा हकिगती रोगवार लावल्या. त्याच्या मुलाने ते काम पुरे केले आणि १५९१ साली पुस्तक निघाले. समोरच्या रोग्याशी जुना रोगी ताडून पाहायचा. साम्य चटकन दिसते, फरक शोधावा लागतो.

आता बाडातली नोंद. एका म्हाताऱ्याला कितीतरी दिवस जुलाब होत होते. कुड्याच्या सालीने थांबले. पुढच्या पावसाळ्यात घरातच एका मुलीला जुलाब लागले, तेव्हा दुसऱ्याच दिवशी तेच दिले. पोट फुगले, ताप चढला. पाचव्या दिवशी ती गेली. खाली आजोबांनी लिहिले आहे की म्हाताऱ्याची आंव पचलेली होती, हिची नव्हती. कच्च्या आंवेत जुलाब एकदम बांधू नयेत, हे ग्रंथात आहेच. त्यांना ते पाठ असणार. पण डोळ्यांपुढे म्हातारा होता.

माझा डॉक्टर भाचा म्हणतो, त्या काळी सलाईन नव्हते, कुडा न देताही ती गेली असती. एका रोग्यावरून काही सिद्ध होत नाही. असेल. पण नोंदीत फक्त 'मुलगी, वय ९' एवढेच आहे. ती माझी थोरली आत्या.

बाड देवनागरीत उतरवून काढतो आहे. मधली काही पाने नाहीत. नातेवाइकांपैकी कुणाकडे असली तर जरूर कळवा.