इंडेक्स टू काय सांगत नाही

मुंबईत व्यापारी गाळा किंवा ऑफिस घ्यायचे ठरले की पहिली मागणी असते ती सर्चची. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर मुंबईतल्या मिळकतींची सूची क्रमांक दोन, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेला इंडेक्स टू, 1985 पासून पाहता येतो. मिळकत पत्रिका घरबसल्या मिळते आणि मालक कंपनी असेल तर तिच्यावरचे बोजे कंपनी निबंधकाकडे दिसतात. एवढे चाळले की मिळकत कळली, असा समज आहे. या दप्तरांचा इतिहास पाहिला की तो डळमळतो. यांतले एकही दप्तर मालकीचा निवाडा करण्यासाठी सुरू झालेले नाही. ज्या कचेरीने ते ठेवले तिला लागत होते तेवढेच त्यात उतरले. म्हणून त्यात काय सापडणार नाही, हेही आधीच ओळखता येते.

मुंबई बेटाची तपशीलवार मोजणी कर्नल लॉटन यांनी 1865 ते 1872 या काळात केली. तिच्यामागे महसुलाची काळजी होती. फोरास, टोका, इनाम, भाडेपट्टा असे धारणाप्रकार बेटावर शेजारी-शेजारी नांदत होते, आणि कुणाकडून काय वसूल करायचे हे ठरवायला हद्दी पक्क्या हव्या होत्या. पुढे 1915 च्या मुंबई नगर भूमापन कायद्याची भर पडली. परिणाम असा की जुन्या खरेदीखताच्या परिशिष्टात एकाच इमारतीला लॉटनचा नंबर, सी. एस. नंबर, पालिकेचा वॉर्ड नंबर आणि रस्त्यावरचा नंबर अशी चार-चार नावे असतात. त्यांतला एकच घालून घेतलेला सर्च कोरा निघाला तर त्याचा अर्थ मिळकत निर्वेध आहे असा होत नाही. नोंदणीचेही तसेच. 1864 च्या कायद्याने अनेक दस्तांची नोंदणी सक्तीची केली, तर आजची चौकट 1908 च्या कायद्याची आहे. माणसांच्या नावांची सूची एक, मिळकतींची सूची दोन, आणि फी भरून ती कुणालाही पाहण्याची मुभा, ही सोय मोठीच. पण नोंद होते ती दस्ताची. विकणारा खरोखर मालक आहे का, याचा निवाडा दुय्यम निबंधक करत नाही.

व्यापारी मिळकतीत खरी गोम वेगळीच आहे. काळबादेवीतल्या किंवा फोर्टातल्या जुन्या दुकानाची किंमत बहुतांशी त्यात बसलेल्या भाडेकरूच्या हक्कात असते, आणि हा हक्कच दशकानुदशके दप्तराबाहेर राहिला. 1947 च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाड्याव्यतिरिक्त पैसे घेणे गुन्हा ठरवले. पागडी थांबली नाही, ती फक्त कागदावर येईनाशी झाली. वर्षापेक्षा कमी मुदतीच्या भाडेपट्ट्याला सर्वसाधारण कायद्याने नोंदणी लागत नव्हती. पागडी वैध झाली आणि भाडेकराराची नोंदणी सक्तीची झाली ती 1999 च्या कायद्याने, तोही 31 मार्च 2000 पासून लागू झाला. कर्जाचीही हीच कथा. व्यापाऱ्याला पैसा तातडीने उभा करता यावा म्हणून मुंबई, कलकत्ता, मद्रास अशा शहरांत केवळ मूळ कागद सावकाराकडे ठेवून गहाण करण्याची सवलत कायद्याने दिली होती. त्याला दस्त नको, म्हणून नोंदणीही नको. महाराष्ट्रात अशा गहाणाची सूचना निबंधकाकडे देण्याची सक्ती 2013 मध्ये आली. दाव्यांच्या बाबतीत मात्र इथला कायदा खरेदीदाराच्या बाजूने झुकला: 1939 च्या दुरुस्तीमुळे चालू दाव्याची नोटीस नोंदवलेली नसेल तर तो दावा खरेदीदाराला आपोआप बांधत नाही. न्यायालयाचे दप्तर स्वतंत्रपणे पाहावे ते पाहावेच, पण ही नोटीस नोंदणीच्या दप्तरात शोधायची राहिली तर हातची सोय वाया गेली.

यावर आक्षेप येईल की 1985 पासूनचा सर्च म्हणजे वकील मागतात त्या तीस वर्षांहून जास्तच झाला. पण तीस वर्षांचा तो आकडा मुदतीच्या कायद्यातून आलेला आहे. गहाण सोडवण्याची मुदत 1963 च्या कायद्याने तीस वर्षांवर आणली, त्याआधी ती साठ होती. 1985 च्या आधीच सुरू झालेली पागडी किंवा 999 वर्षांचा पट्टा या खिडकीत मावत नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: दक्षिण ऑस्ट्रेलियाने 1858 मध्ये केले तसे, सरकारने हमी दिलेले मालकीचे एकच दप्तर का नसावे? असावे, यात वाद नाही. मात्र तिथे ते वसाहत नवी असताना आणि जमिनींचे पट्टे ताजे असताना सुरू झाले. शिवाय त्या पद्धतीतही छोट्या मुदतीचे भाडेकरू सहसा दप्तराबाहेरच राहतात आणि तरीही खरेदीदाराला बांधतात. गाळ्याच्या खरेदीत अडचण येते ती नेमकी तिथेच.

म्हणून दप्तरांइतकेच वजन जागेवरच्या चौकशीला द्यायला हवे. ही काही जुन्या दलालांची खोड नव्हे. मालमत्ता हस्तांतरण कायद्यातल्या 1929 च्या दुरुस्तीनुसार जागेत प्रत्यक्ष बसलेल्या माणसाचा जो काही हक्क असेल, तो खरेदीदाराला ठाऊक होता असेच धरले जाते. तेव्हा गुमास्ता परवाना कुणाच्या नावावर, विजेचे बिल कोण भरतो, भाडेपावती कुणी फाडली आणि पोटमाळ्यावर दुसराच कुणी धंदा करतो का, हे विचारण्याची जबाबदारी त्याच्यावरच येते. इंडेक्स टूमध्ये भाडेकरू दिसला नाही, ही सबब न्यायालयात चालत नाही.