लाद्या उखडणारे हात

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, हा आकडा मुंबईकराला पाठ आहे. आपली सोसायटी तेव्हा जेमतेम पाच वर्षांची. तळमजल्यावर कंबरभर पाणी होतं. पाणी उतरल्यावर लाद्या पोकळ वाजू लागल्या, काही वर उचलल्या गेल्या. शेवटी सगळी फरशी काढावी लागली. कुणाचा सोफा गेला, कुणाचा लग्नाचा अल्बम, या आठवणी आजही गच्चीवर निघतात. लाद्या काढणाऱ्यांची आठवण मात्र कुणी काढत नाही.

नाक्यावरचे बिगारी होते ते. हातात पहार नि छिन्नी, पायात स्लिपर, काहींच्या तीही नाही. फुटलेल्या लादीची कड पात्यासारखी लागते आणि खालच्या रेतीत पुराचंच पाणी मुरलेलं असतं. दिवसभर ओल्यात राहून कातडी मऊ पडते, बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. लेप्टोस्पायरोसिसचे जंतू उंदरांच्या, गुरांच्या लघवीतून पाण्यात येतात आणि अशाच चिरांतून अंगात शिरतात. त्या पुरानंतर मुंबईत त्याची साथ आलीच. हा आजार पूर्वीपासून कष्टकऱ्यांच्या मागे लागलेला. १८८६ साली जर्मनीत वाइल यांनी त्याचं वर्णन केलं. जंतू ओळखला गेला तो १९१५च्या सुमारास जपानात, कोळसा खाणीतल्या मजुरांचा आजार तपासताना.

नवी लादी बसवताना वेगळाच ताप. ओलं सिमेंट चुन्यासारखं भाजतं. शिवाय त्यातल्या क्रोमियममुळे गवंड्याच्या हाताला इसब होतो, आणि तो एकदा जडला की सहसा पाठ सोडत नाही. डेन्मार्कने १९८३ सालीच सिमेंटमधलं हे विरघळणारं क्रोमियम दशलक्षाला २ भागांच्या आत आणायला लावलं. उपाय साधा, फेरस सल्फेट मिसळायचं. युरोपीय संघात असाच नियम लागू झाला जानेवारी २००५ मध्ये, आपल्या पुराच्या सहा महिने आधी!

सोसायटीची त्या वर्षीची खर्चवही मी अलीकडेच चाळली (बँकेची सवय, दुसरं काय). रेती, सिमेंट, डेब्रिजचा टेम्पो, अगदी चहाचाही खर्च आहे. गमबूट आणि रबरी हातमोजे कुठेच नाहीत. दोन्ही तेव्हाही बाजारात मिळत होते.

यंदा दिवाळीनंतर बी विंगच्या पॅसेजची ओल आलेली फरशी निघणार आहे. कंत्राटात या दोन वस्तू आणि हातपाय धुवायला साबण-पाणी लिहून घ्यावं, असं पत्र मी कमिटीला दिलं आहे. पोच मिळाली; उत्तर यायचं आहे.