वरकस, चतुःसीमा आणि सड्यावरचा बांध



परवा नाचणीच्या तरव्यासाठी राब भाजत होतो, तेवढ्यात वरच्या धनगरवाड्यातले बाबा उतरून आले. म्हणाले, "वनहक्काच्या दाव्याला पुरावा पायजे. आमची माणसं सड्यावर कवापासनं हाईत, तुझ्या नानांनी तेवढं सांगावं." त्यावरनं घरातली जुनी पेटी काढली, आणि पेटीतनं जे निघालं ते तुम्हाला सांगावं म्हणून हे लिहितोय.

आमचा भाग कोयनेच्या वरच्या अंगाचा, जावळी-महाबळेश्वरचा. पाऊस पाच-सहा हजार मिलिमीटर, आणि जांभ्यावर मातीचा थर कुठं वीतभर, कुठं तेवढाही नाही. ओढ्याकाठी भाताची खाचरं, बाकी सगळं उताराचं वरकस. जुन्या लोकांची रीत अशी होती: झुडपं तोडून भाजायची, पहिल्या साली नाचणी, दुसऱ्या साली वरी, तिसऱ्या साली कारळा, मग काही वर्षं तो तुकडा पड. तोवर शेजारच्या तुकड्यावर जायचं. असल्या पावसात उतारावरचं खत टिकत नाही, ते झाडोऱ्यानंच परत वर आणायचं. कृषीवाल्या मित्रांना हे वेगळं सांगायला नको. पड जमीन म्हणजे मोकळी जमीन नव्हे, एवढंच आमच्या आज्ज्याचं शास्त्र.

आता गंमत बघा. गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांची मोजणी १८३६ साली सुरू झाली ती इंदापुरात. सपाट, कोरडा मुलूख. नंबर पाडायचा, मातीची खोली आणि दोष बघून प्रत लावायची, तीस वर्षांसाठी आकार ठरवायचा. पेरा नाहीतर पड ठेवा, नंबर तुमच्या नावावर असेतोवर सारा दरसाल भरायचा. काळ्या रानात हे चाललं असंल. पण ज्या तुकड्यावर दहातली तीनच वर्षं पीक, त्याचा दहाही वर्षं सारा कोण भरणार? शेतकऱ्याला नंबराचा राजीनामा द्यायची मुभा होती. दिला की जमीन सरकारी पड. मग १८७८ चा वन कायदा आला आणि असली सरकारी पड राखीव जंगलात घ्यायची वाट मोकळी झाली. जंगलातनं राबाला टहाळ तोडायची मनाई झाली तेव्हा ठाणे-कुलाब्याकडं इतकी ओरड झाली की सरकारला १८८५ साली मुंबई इलाख्यासाठी वन आयोग नेमावा लागला. म्हणजे परवा मी जे काम करत होतो, त्यावर आयोग बसला होता!

आम्हा कुणब्यांना निदान खाचरांचा उतारा तरी मिळाला. गवळी धनगरांचं काय? म्हशी, गोठा, सड्यावरचं गवत. पीक थोडं, त्यामुळं खातं नाही. चार-चार पिढ्या एका जागी राहून नावावर काही नाही, अशी कितीतरी घरं आमच्या डोंगरात आहेत.

२००६ च्या वनहक्क कायद्यात त्यांना 'इतर पारंपरिक वननिवासी' म्हणून दावा करता येतो. पण अट कडक आहे. १३ डिसेंबर २००५ च्या आधी तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षं, तिथं वास्तव्य दाखवायचं. म्हणजे १९३० च्या मागं जायचं. पुरावा एकापेक्षा जास्त लागतो. गावातल्या वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब चालतो, जुनी घरं, बांधबंदिस्ती चालते, कागद असला तर उत्तमच.

तर आमच्या पेटीत १९२७ चं खरेदीखत निघालं. मोडीतलं. साताऱ्याला जाणकाराकडनं वाचून आणलं. चतुःसीमेत लिहिलंय, पूर्वेस सड्याचा दगडी बांध व बांधावर धनगरांचे गोठे.

वाचताना अंगावर काटा आला, आणि लगेच पोटात गोळाही. कारण बांधाच्या वरची अर्धा एकराची पट्टी आम्ही माझ्या लहानपणापासून आमचीच म्हणत आलोय. कागदावर ती वनाची, पण गवत आम्ही कापतो. मुंबईला माथाडीत असलेल्या थोरल्या भावाचं म्हणणं होतं की त्या पट्टीवर आपणच दावा लावू. मी त्याला म्हटलं, अरे वनहक्काची जमीन वारसांना जाते, विकता येत नाही. तुला नक्की काय करायचंय तिचं? आणि खत सांगतंय की आपली हद्द बांधाखालीच संपली. तो म्हणाला, "मग खत दाखवायचं कशाला?"

मला याचं उत्तर चटकन देता आलं नाही, हे कबूल करतो. नानांना विचारलं. चौऱ्याऐंशी वर्षांचा माणूस. ते म्हणाले, "तुझी आज्जी दुष्काळात त्या गोठ्यातनं ताक आणायची. बांध त्यांनीच घातलाय, माझ्या बानं सांगितलंय."

नानांनी जबाबावर सही केली. खताची प्रत आणि मोडीचं लिप्यंतर वनहक्क समितीकडं दिलं. बांधाचा फोटोही दिला, वर टाकलाय तोच. भाऊ दोन दिवस फोन उचलत नाही. ग्रामसभा पुढच्या महिन्यात आहे, तोवर तरवा टाकून होईल.

तुमच्या पेटीत मोडी कागद असतील तर त्यातली चतुःसीमा एकदा वाचून घ्या. आणि तुमच्याकडं वरकसावर नाचणीनंतर काय घेत होते, तेही लिहा. आमच्याकडं वरीचं बी आता मिळंना झालंय.