देवळालीचे कापरेकर आणि गुणांचा तक्ता

चार आकडी कोणतीही संख्या घ्या. फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने लावून मोठीतून लहान वजा करा. ३५२४ घेतली तर ५४३२ वजा २३४५, उत्तर ३०८७. तेच पुन्हा केले की ८३५२, आणखी एकदा केले की ६१७४. पुढे कितीही वजाबाक्या करा, ६१७४च येते. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत तुम्ही तिथे पोचताच.

हे शोधले नाशिकजवळच्या देवळालीतल्या एका शाळामास्तरांनी. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर, जन्म डहाणूचा, १९०५ सालचा. फर्ग्युसनमध्ये असताना १९२७ साली त्यांनी रँग्लर परांजपे पारितोषिक मिळवले. १९३० ते १९६२ देवळालीत शिकवले. पदव्युत्तर शिक्षण नाही, विद्यापीठात जागा नाही. लेखन बरेचसे लहानसहान नियतकालिकांत, नाहीतर स्वतः छापलेल्या पुस्तिकांत. आपल्याकडच्या बहुतेक गणितज्ञांनी ते गंभीरपणे घेतले नाही. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये त्यांच्यावर लिहिले, तेव्हा कापरेकर सत्तरीत होते.

हा गुणधर्म दशमान पद्धतीपुरता आहे, त्यात खोल सिद्धान्त नाही, असा आक्षेप घेता येतो. जरूर घ्यावा; पण वाचून, वजाबाकी करून.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० मध्ये प्राध्यापकांसाठी गुणांचा तक्ता आणला. तज्ज्ञांनी तपासलेल्या नियतकालिकातल्या निबंधाला पंधरा गुण, नुसता आयएसएसएन क्रमांक असलेल्या मान्यताप्राप्त नियतकालिकाला दहा. (हा क्रमांक केवळ नोंदीचा, दर्जाची हमी नव्हे!) वशिल्यापेक्षा आकडे बरे, हा विचार चुकीचा नव्हता. पण गुण हवेत म्हटल्यावर पैसे घेऊन छापणारी दुकाने निघाली. पुण्याच्या भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये आयोगाच्या यादीतली, विद्यापीठांनी सुचवलेली १००९ नियतकालिके तपासली. ८८ टक्क्यांहून अधिक संशयास्पद निघाली. या तक्त्यात त्या दुकानातला निबंध भरत होता आणि कापरेकरांची पुस्तिका शून्यावर राहिली असती.

संशोधन कुठे छापले यापेक्षा त्यात काय आहे ते पाहा, असे सॅन फ्रान्सिस्कोत २०१२ साली तयार झालेल्या जाहीरनाम्याने सांगितले. आयोगानेही २०२५ मध्ये आपली मान्य नियतकालिकांची यादी बंद करून पारख संस्थांवर सोपवली. आता निवड समितीने उमेदवाराचे दोन-तीन निबंध खरोखर वाचावेत आणि काय आढळले ते सहीनिशी लिहून ठेवावे. वशिल्याची भीती उरतेच; म्हणून ते अभिप्राय उमेदवारालाही दाखवावेत.