लोणारचा आघात आणि लेझरचा ठोका

बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे विवर ही ज्वालामुखीची करणी, असा समज दीर्घकाळ होता. त्यात नवल नाही. भोवतालचा सारा काळा पाषाण लाव्हारसाचाच. १८९६ साली अमेरिकी भूवैज्ञानिक गिल्बर्ट यांनी ॲरिझोनाच्या विवराशी लोणारचे साम्य टिपले. पण ते विवर त्यांनी वाफेच्या स्फोटाचे ठरवले.

निवाडा १९७३ साली झाला. लोणारच्या खडकात मॅस्केलिनाइट सापडले. फेल्डस्पार न वितळताच काचरूप होते, ते प्रचंड आघातलहरीने. एवढा दाब ज्वालामुखीच्या आवाक्यातला नाही. (या पदार्थाची पहिली ओळख बिहारमधील शेरघाटीला १८६५ साली पडलेल्या उल्केत पटली होती.)

त्याच दशकात ओहायोच्या बॅटेल संस्थेत लेझरने धातूवर असाच आघात करण्याचे प्रयोग चालू होते. जेट इंजिनांची निकेल व टायटॅनियमची मिश्रधातू उष्णतेला दाद देत नाहीत, तशी कापणाऱ्या हत्यारालाही देत नाहीत. कापताना पृष्ठभागात ताण उरतो आणि तिथूनच तडा जातो. उपाय विलक्षण साधा: धातूवर काळा लेप, वर पाण्याचा पातळ थर आणि काही नॅनोसेकंदांचा लेझर. लेप वायुरूप होऊन प्लाझ्मा बनतो, पाणी त्याला उसळू देत नाही आणि काही गिगापास्कलचा धक्का धातूत शिरतो. सुमारे एक मिलिमीटर खोलीपर्यंत धातू दाबलेल्या स्थितीत राहतो. तडा उघडूच शकत नाही.

१९९०च्या दशकात अमेरिकेच्या बी-१ बॉम्बफेकी विमानांच्या इंजिनातील टायटॅनियमची पाती या ठोक्यांनी टिकाऊ केली गेली. लोणारचा आघात मात्र याच्या कित्येक पट होता.